तीन काडतुसं, एक नरभक्षक वाघीण आणि जिम कॉर्बेट : त्याच्या हातातल्या रायफलींची गोष्ट

उत्तराखंडातल्या कॉर्बेट पार्कला दरवर्षी महाराष्ट्रातूनही भरपूर पब्लिक जातं. पहाटे जिप्सीत बसायचं, वाघ दिसला तर लगेच स्टेटस टाकायचा, नाही दिसला तर हरणाचा फोटो टाकून वेळ मारून न्यायची. ज्याच्या नावाचं हे जंगल आहे त्या जिम कॉर्बेटबद्दल मात्र बहुतेकांना एवढंच माहिती असतं की, तो एक इंग्रज शिकारी होता आणि त्यानं नरभक्षक वाघ मारले.

डोळ्यासमोर चित्र पण ठरलेलं असतं. खाकी कपडे, डोक्यावर हॅट आणि हातात एक भारीतली विलायती रायफल.

यातली रायफल हा खरा इंटरेस्टिंग भाग आहे. कारण कॉर्बेटची सुरुवात फुटक्या बंदुकीपासून झाली, मधला काळ मोजक्या काडतुसांवर गेला आणि सगळ्यात फेमस रायफल तर त्यानं विकत घेतलेलीच नव्हती. त्यातही त्यानं वापरलेली काही काडतुसं अशी होती, जी पुढे जाऊन बाजारातून जवळपास गायबच झाली.

आता तुम्ही म्हणाल, काडतुसात एवढं काय आहे ? तर कुमाऊंच्या डोंगरात कोण जगणार आणि कोण मरणार, हे अनेकदा त्या काडतुसावरच ठरत होतं.

कसं, तेच सुरुवातीपासून बघू.

पोस्टमास्तरचा पोरगा

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट नैनितालचे पोस्टमास्तर होते. घर भरलेलं, भावंडं भरपूर. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईला लागून असलेलं कालाढुंगी, असा या कुटुंबाचा मुक्काम असायचा.

१८८१ मध्ये वडील गेले. जिम तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. पुढे थोरला भाऊ टॉम पोस्टमास्तर झाला आणि आई मेरी जेननं घर चालवलं. म्हणजे गोरे असले तरी हे काय लॉर्ड घराणं नव्हतं. इंग्लंडमध्ये इस्टेट नाही, जन्म इथला, वाढ इथली. जिम कुमाऊंनी बोलायचा ते गावातल्या पोरांसारखं.

त्याच्या हातात आलेली पहिली बंदूक होती दुनळी, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गोळी ठासायची आणि मग बार काढायचा. त्यात गंमत अशी की, दोन नळ्यांपैकी एक फाटलेली होती आणि मोडका दस्ता पितळेच्या तारेनं बांधलेला होता. म्हणजे दुनळी असूनही एकच बार. चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत सावज थांबत नाही.

नंतर शाळेच्या कॅडेट तुकडीमुळं त्याला ४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. अट साधी होती, रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणून द्यायची. ही रायफल एका वेळी एकच गोळी झाडणारी आणि धक्का असा मारायची की, पोराचा खांदा सुजावा. याच उसन्या रायफलीवर जिमनं शाळकरी वयात पहिला बिबट्या मारला.

सुरुवातच अशी झाल्यामुळं एक सवय त्याला कायमची लागली. बार एकच आहे असं समजून चालायचं.

दीडशे रुपये पगार

कॉलेजला जायला पैसे नव्हते. शाळा संपल्यावर जिमनं बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. इंजिनाला लागणाऱ्या लाकडाच्या इंधनावर देखरेख करायचं काम. त्यानंतर त्याला बिहारमध्ये मोकामा घाटाचं कंत्राट मिळालं. गंगेच्या एका काठावर ब्रॉडगेज, दुसऱ्या काठावर मीटरगेज. त्यामुळं सगळा माल माणसांच्या डोक्यावरून एका गाडीतून दुसरीकडं जायचा. हे काम त्यानं वीस वर्षांहून जास्त काळ सांभाळलं. सुरुवातीचा पगार महिना दीडशे रुपये.

त्या काळात चांगली दुनळी रायफल लंडनमध्ये बनायची. तिथले कारागीर हातानं घडवायचे. एवढ्या पगाराच्या माणसानं तसली रायफल घेणं म्हणजे आजच्या क्लार्कनं मर्सिडीजच्या शोरूममध्ये चक्कर मारण्यासारखं होतं.

त्यात तो काळही बदलाचा होता. तोपर्यंत काडतुसात काळी दारू भरली जायची. तिचा बार काढला की समोर धुराचा ढग उभा राहायचा. वाघ पडला, पळाला की अंगावर येतोय, हे धूर विरेपर्यंत कळायचं नाही. १८८९ च्या सुमारास ब्रिटिशांनी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आणली. तिचा जोर जास्त, धूर जवळपास नाही. मग जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांमध्ये बेतानं कॉर्डाइट भरून ती जुन्या पद्धतीच्या रायफलीत वापरायची पद्धत आली. नवी रायफल परवडत नाही त्यांची सोय झाली.

कॉर्बेटकडं होती ती ५०० बोअरची अशीच मधल्या काळातली रायफल. तीच घेऊन तो १९०७ मध्ये चंपावतला गेला.

चंपावत आणि तीन काडतुसं

ही वाघीण आधी नेपाळमध्ये माणसं मारत होती. तिथून तिला हाकललं गेलं आणि ती कुमाऊंत आली. सरकारी आकड्यांनुसार तिनं मारलेल्या माणसांची संख्या होती ४३६. गावंच्या गावं दारं लावून बसली होती. शेतात कापणीला कोण जात नव्हतं, सरपणाला बाई बाहेर पडत नव्हती.

जिमनं जायच्या आधी सरकारपुढं दोन अटी ठेवल्या. वाघिणीवरचं बक्षीस रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना माघारी बोलवायचं. पैशासाठी शिकार केली असं नाव त्याला नको होतं आणि दुसऱ्या कुणाची गोळी चुकून लागून मरायचंही नव्हतं.

चंपावतच्या तहसीलदारानं हाकाऱ्यासाठी माणसं गोळा केली. आता इथं एक भानगड होती. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळं सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नव्हती, गोऱ्यांना मात्र यातून सूट होती. त्यामुळं ज्यांच्या दारात वाघीण येत होती त्यांच्याकडंच कायद्यानं बंदूक नव्हती. तहसीलदारानं यावर मार्ग काढला. ज्याच्याकडं विनापरवाना बंदूक असेल त्यानं ती बिनधास्त आणावी, आपण बघणार नाही आणि दारूगोळाही देऊ असं त्यानं जाहीर केलं. त्या दिवशी २९८ माणसं जमली आणि अशा अशा बंदुका बाहेर आल्या की, एखादं म्युझियम भरलं असतं.

हाकारा सुरू झाला. जिमच्या खिशात काडतुसं होती फक्त तीन. त्याचा हिशोब असा होता की, वाघिणीवर फार तर दोन बार काढायला मिळतील आणि तिसरं अडीअडचणीला.

पहिली गोळी चुकली. पुढच्या दोन लागल्या, पण वाघीण पडली नाही. ती समोर उभी, जखमी, पिसाळलेली आणि जिमच्या हातात रिकामी रायफल.

मग तो पळत तहसीलदाराकडं गेला आणि त्याची बंदूक ओढून घेतली. पुन्हा वाघिणीपर्यंत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की, या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट आहे. बार काढला तर मागच्या मागं डोळे जायची भीती. तरी त्यानं जवळ जाऊन, वीसेक फुटांवरून तिच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी जबड्याला लागलीच नाही, पंजाला लागली. वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनीच संपत आली होती म्हणून पडली.

नंतर वाघीण तपासली तेव्हा खरी गोष्ट कळली. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते. खालचा तर पार हाडापर्यंत. ही जखम जुन्या बंदुकीच्या गोळीची होती. सुळे गेल्यामुळं तिला तिची नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसाकडं वळली.

म्हणजे कधीतरी कुणीतरी तिच्यावर बार काढला होता. तो बरोबर लागला नाही आणि चुकलाही नाही. त्या अर्धवट गोळीची किंमत ४३६ माणसांनी मोजली.

बक्षीस नको म्हणणाऱ्याला मिळालेली रायफल

त्यावेळी संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर जॉन ह्युएट. त्यांनी नैनितालला दरबार भरवून चंपावतच्या तहसीलदाराला बंदूक दिली आणि जिमला सोबत करणाऱ्या एकाला शिकारीचा सुरा दिला. जिमला मिळाली लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची २७५ बोअरची रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवलेली आहे आणि चंपावतची वाघीण मारल्याबद्दल ही भेट दिल्याची नोंद तिच्यावर कोरलेली आहे.

या रायफलीचं काडतूस म्हणजे एक वेगळाच किस्सा आहे.

२७५ रिग्बी हे नाव इंग्रजी असलं तरी काडतूस मूळचं जर्मन. माउझर कंपनीनं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ७ बाय ५७ नावाचं काडतूस तयार केलं. ७ म्हणजे गोळीचा व्यास आणि ५७ म्हणजे काडतुसाच्या कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात बोअर युद्ध झालं, तेव्हा बोअर शेतकऱ्यांनी याच काडतुसाच्या माउझर रायफलींनी लांबून नेम धरून ब्रिटिश सैन्याला जेरीस आणलं होतं.

युद्ध संपलं आणि इंग्रज शिकाऱ्यांना तेच काडतूस आवडायला लागलं. पण शत्रूच्या नावाचा माल लंडनमध्ये विकायचा कसा ? रिग्बीनं माउझरचा सांगाडा घेतला, त्यावर आपली रायफल घडवली आणि इंचाच्या हिशोबानं नाव दिलं २७५ रिग्बी. माल तोच, लेबल नवीन.

रायफल हलकी, धक्का कमी, नेम सरळ. गोळीचं वजन साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅम. डोंगरात दिवसभर वीस वीस मैल चालणाऱ्या माणसाला याच्यासारखी सोयीची रायफल नाही. कॉर्बेटनं ती पुढची अनेक वर्षं वापरली.

११ एप्रिल १९३० ला चौगडच्या वाघिणीच्या मागावर असताना त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. त्याला पक्ष्यांची अंडी जमवायचा नाद होता. एका मोठ्या दगडाला वळसा घालून तो पुढं आला आणि मागं वळून बघितलं तर वाघीण काही फुटांवर दबा धरून बसलेली. झटकन हालचाल केली असती तर तिनं झेप घेतली असती. त्यानं एका हातानं, अगदी सावकाश रायफल तिच्याकडं वळवली आणि बार काढला. वाघीण जागेवर गेली. अंडी फुटली नाहीत आणि नंतर त्यानं ती परत घरट्यात नेऊन ठेवली. जड दुनळी असती तर एका हातानं हे जमलंच नसतं.

रुद्रप्रयागचा बिबट्या मारला तोही याच रायफलीनं. बद्रीनाथ केदारनाथच्या यात्रेच्या वाटेवर या बिबट्यानं १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसं मारली होती. त्याला गाठण्यासाठी कॉर्बेट अलकनंदेच्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसला. शेवटी मे १९२६ च्या सुरुवातीला गोलाबराईला आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीला लावलेल्या टॉर्चच्या उजेडात त्यानं बार काढला आणि लगेच टॉर्चही गेला. या बिबट्याच्या पायालाही एका जुन्या गोळीची खूण होती.

मग दुसरी, जड रायफल कशाला ?

२७५ मध्ये एक अडचण होती. वाघ शांत उभा असेल आणि नेम बरोबर बसला तर काम होतं. पण दहा फुटांवरून अंगावर येणाऱ्या जनावराला जागीच थांबवायला मोठी, जड गोळी लागते. त्यासाठी कॉर्बेटकडं लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफरी कंपनीची दुनळी होती, ४५०/४०० बोअरची.

हे नाव वाचून गोंधळ होणं साहजिक आहे. याचा अर्थ एवढाच की, ४५० च्या जाडीचं कवच घेतलं आणि त्याचं तोंड आवळून ४०० च्या आसपासची गोळी बसवली. गोळीचं वजन ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम. २७५ च्या जवळपास तिप्पट.

या काडतुसाला भारतात भाव येण्यामागं राजकारण पण होतं. ब्रिटिश फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली ४५० बोअरच्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातात गेलेल्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून सरकारनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात ४५० बोअरच्या खासगी रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. शिकाऱ्यांची पंचाईत झाली. लंडनच्या कंपन्यांनी मग ४६५, ४७०, ४७५ अशी नवीन काडतुसं काढली. ४५०/४०० ची गोळी मुळात लहान बोअरची असल्यामुळं ती या बंदीतून सुटली.

३० नोव्हेंबर १९३८ ला ठाकच्या वाघिणीसमोर कॉर्बेटच्या हातात हीच दुनळी होती. त्याचं वय तेव्हा ६३. मोहिमेची मुदत त्या दिवशी संपत होती. संध्याकाळ होत आली होती आणि सोबत चार माणसं. त्यानं नर वाघाचा आवाज काढून वाघिणीला बोलावलं आणि ती खरंच आली. एका दगडावर कसाबसा टेकून त्यानं दोन्ही नळ्या झाडल्या. धक्का एवढा बसला की, तो दगडावरून खाली त्या माणसांच्या अंगावरच पडला. वाघीण मेली होती.

तपासल्यावर तिच्याही अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा निघाल्या. त्यातली एक चिघळलेली.

चंपावत, रुद्रप्रयाग, ठाक. तिन्हीकडं आधीच्या कुणाच्या तरी गोळीच्या खुणा होत्या. वाघ जन्मतः माणूस खाणारा नसतो, जखम किंवा म्हातारपण त्याला तिथं आणतं, हे कॉर्बेटनं पुस्तकांमध्ये पुन्हा पुन्हा मांडलं. जखमी जनावर सोडून माघारी जायचं नाही, हा त्याचा नियम यातूनच आला.

रायफल ते कॅमेरा

कॉर्बेट संत होता असं काही नाही. त्यानं फक्त नरभक्षकच मारले असंही नाही. १९३० मध्ये मारलेला पोवलगढचा प्रचंड वाघ माणूस खाणारा नव्हता. बड्या साहेबांच्या शिकारीची व्यवस्थाही तो बघायचा.

पण १९२० च्या दशकानंतर त्याचा ओढा कॅमेऱ्याकडं वळला. वनअधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो बघून त्याला हा नाद लागला. सिने कॅमेऱ्याच्या घरघरीनं वाघ पळायचे. म्हणून त्यानं ओढ्यावर छोटे बांध घातले, पाण्याच्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज दबायला लागला आणि वाघ अगदी जवळून फिल्मवर आले.

१९३६ मध्ये भारतातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, हेली नॅशनल पार्क. त्यासाठी धडपडणाऱ्यांमध्ये कॉर्बेट होता. त्याचं पुस्तक मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं १९४४ मध्ये छापलं गेलं ते आपल्या मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं. पहिल्या आवृत्तीचं मानधन त्यानं युद्धात डोळे गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिलं.

१९४७ च्या शेवटी जिम आणि त्याची बहीण मॅगी मुंबईहून जहाजानं केनियाला गेले. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. न्येरी गावात ते राहिले. तिथंच १९ एप्रिल १९५५ ला जिम गेला. दोनेक वर्षांत हेली पार्कला कॉर्बेटचं नाव दिलं गेलं आणि १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगरची सुरुवात तिथूनच झाली.

त्या रायफलींचं आणि काडतुसांचं काय झालं ?

शिकारीची जुनी रायफल घ्यायची म्हटलं की, पहिला प्रश्न रायफलीचा नसतो, काडतुसाचा असतो. रायफल नीट ठेवली तर शंभर वर्षं टिकते. काडतूस एकदाच वापरता येतं आणि कारखाना बंद पडला की, भारीतली रायफल पण भिंतीवर टांगायच्या कामाची उरते.

४५०/४०० चं तेच झालं. साम्राज्य संपलं, मोठी शिकार कमी झाली, १९१२ चं ३७५ आणि १९५६ चं ४५८ विंचेस्टर अशी काडतुसं सगळीकडं मिळायला लागली. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या कायनॉक कंपनीनं मोठ्या शिकारीची काडतुसं बनवणं थांबवलं आणि अनेक दुनळ्या मुक्या झाल्या. बऱ्याच वर्षांनी काही कंपन्यांनी हे काडतूस पुन्हा काढलं, पण आज ते हौशी आणि संग्राहकांपुरतंच आहे. कॉर्बेटची जेफरी अमेरिकेत गेली, तिथल्या प्रसिद्ध बंदूक लेखक एल्मर कीथकडं राहिली आणि २०१५ मध्ये लिलावात दोन लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली.

२७५ रिग्बी हे नाव मागं पडलं, काडतूस मात्र ७ बाय ५७ या जुन्या जर्मन नावानं अजून मिळतं. कॉर्बेटची २७५ रायफल त्याच्यानंतर त्याच्या प्रकाशकाकडं, म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडं गेली. तिथून ती पुन्हा रिग्बी कंपनीकडं आली. २०१६ मध्ये ती काही दिवसांसाठी भारतात आणली होती. कॉर्बेटनं १९१५ मध्ये विकत घेऊन वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावातल्या लोकांनी तेव्हा ती पाहिली. जनावरांपासून शेती वाचावी म्हणून त्यानं या गावाभोवती बांधलेली दगडी भिंत अजून तिथं आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीला बंदी आली. त्यामुळं पुढच्या वेळी कॉर्बेट पार्कला गेलात तर वाघासोबत कालाढुंगीलाही वेळ काढा. जिमचं थंडीतलं घर आता म्युझियम आहे आणि ती भिंत तिथून जवळच आहे.